परतीचे तिकीट काढण्याआधी कॅलेंडर पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडून अमेरिकेतून पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे परतणाऱ्या मराठी मंडळींविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून लिहून येते आणि त्यात ‘दुहेरी नागरिकत्व’ हा शब्द हमखास असतो. शब्द चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून बेत आखणाऱ्यांना तो महागात पडतो. म्हणून हे पत्र.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी ना अर्ज लागतो, ना नोटीस. त्यानंतर मिळणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड नावात ‘सिटिझन’ मिरवत असले, तरी व्यवहारात तो आजीवन व्हिसा आहे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. आणि घर किंवा दुकान घेता येते, पण शेतजमीन, फार्महाऊस, बागायती मळा विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते. तेव्हा ‘निवृत्तीनंतर देवगडला हापूसची कलमे घेऊ’ हा बेत पहिल्याच पायरीवर अडतो. भावाच्या नावावर घ्या, असा सल्ला गावोगावी मिळतो. पैसा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा, हा व्यवहार बेनामी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे सल्ला देणारा सांगत नाही.

दुहेरी असते ती करांची जबाबदारी. अमेरिका नागरिकत्वावर कर लावते, माणूस राहतो कुठे यावर नाही. सदाशिव पेठेत राहूनही दरवर्षी तिकडचे विवरणपत्र भरावेच लागते. भारत मात्र किती दिवस राहिलात ते मोजतो, आणि इथेच परतीची तारीख कळीची ठरते.

आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात झाले की माणूस करापुरता निवासी. २ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उतरण्याचा दिवस धरून, १८१ दिवस होतात. म्हणजे २ ऑक्टोबरला किंवा नंतर उतरलेला माणूस त्या वर्षी अनिवासी राहू शकतो आणि त्याच्या अमेरिकेतल्या शेवटच्या पगाराला, बोनसला भारतात कर लागत नाही. तीन ठिकाणी हे गणित बिघडते. ज्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा असतो, तेव्हा २ ऑक्टोबरपासूनच १८२ भरतात. २०२७ मध्ये परतणाऱ्याने ३ तारीख धरावी. त्याच आर्थिक वर्षात आधी, समजा मे महिन्यात, लग्नाला येऊन गेला असाल तर ते दिवसही मोजले जातात. आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील तर त्या वर्षी ६० दिवसच पुरतात. सुट्टीवर येणाऱ्यांना असलेली यातली सवलत कायमचे परतणाऱ्याला मिळेल असे धरू नये. आईवडिलांच्या आजारपणात वारंवार आलेले लोक नेमके यात सापडतात. पासपोर्टवरचे शिक्के पाहून दिवस कागदावर मांडावेत, आठवणीवर सोडू नयेत.

पुढची दोन वर्षे ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या दर्जाची, ज्याला सगळे आरएनओआर म्हणतात. आधीच्या १० पैकी ९ वर्षे अनिवासी असलेल्याला, किंवा आधीच्या ७ वर्षांत ७२९ दिवसांहून जास्त भारतात न राहिलेल्याला तो मिळतो. या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारत कर घेत नाही (भारतातून चालवलेला व्यवसाय याला अपवाद). ऑगस्टमध्ये परतणारा पहिल्याच वर्षी निवासी होतो, पण दिवसांचे गणित जमले तर त्याला आरएनओआरचे तिसरे वर्ष मिळू शकते. थोडक्यात, नीट आखले तर साधारण अडीच वर्षांची मोकळीक.

ही मोकळीक बहुतेक जण घराच्या इंटिरियरमध्ये घालवतात. खरे तर ती जुने शेअर विकून तेच परत घेण्यासाठी वापरावी. समजा एक शेअर ४० डॉलरला घेतला होता आणि आज २०० डॉलरला आहे. पूर्ण निवासी झाल्यावर विकला तर भारत मूळ ४० डॉलर धरून नफा काढणार आणि दोन वर्षांहून जुन्या परदेशी शेअरवर १२.५ टक्के कर व वर अधिभार-उपकर घेणार. आरएनओआर असताना विकून लगेच परत घेतला तर खरेदी किंमत २०० होते. अमेरिकेच्या बाजूने पाहिले तर, एकत्र विवरण भरणाऱ्या जोडप्याचे २०२५ चे करपात्र उत्पन्न ९६,७०० डॉलरच्या आत असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर फेडरल कर शून्य होता. ही मर्यादा दरवर्षी थोडी वाढते. मात्र हा नफाही त्या मर्यादेत मोजला जातो, म्हणून विक्री दोन-तीन कॅलेंडर वर्षांत विभागावी. आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्याचे निवासीपण आधी रीतसर सोडावे, नाहीतर राज्याचा कर बसतोच.

याच काळात ४०१-के (मालकामार्फतचे अमेरिकी निवृत्ती खाते) मधले पैसे रॉथ खात्यात (कर आधी भरून पुढे करमुक्त काढायचे निवृत्ती खाते) हलवा, असेही सांगितले जाते. पण हलवलेली रक्कमही त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वर्षी केल्या तर वर सांगितलेली शून्य कराची मर्यादा पुरत नाही. माझे मत शेअरच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिका, ब्रिटन व कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलण्याची सोय भारताने कलम ८९अ आणि फॉर्म १०ईई द्वारे केली (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने क्रमांक नव्याने पाहून घ्यावा). पण तिची व्याख्या ‘जिथे पैसे काढताना कर लागतो’ अशा खात्यांची आहे. रॉथमधून काढताना कर लागतच नाही, त्यामुळे ते या व्याख्येत नीट बसत नाही. अमेरिकेत करमुक्त म्हणून तिथे साठवलेला पैसा भारतात वादाचा विषय होऊ शकतो. ४०१-के किंवा साध्या आयआरएसाठी (स्वतः उघडलेले निवृत्ती खाते) मात्र हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीत भरावाच. एकदा भरला की मागे घेता येत नाही.

नोकरी सोडण्याची तारीखही अशीच नाजूक आहे. ५९ वर्षे ६ महिन्यांच्या आधी ४०१-के मधून पैसे काढले तर कराशिवाय काढलेल्या रकमेवर १० टक्के दंड. ज्या कॅलेंडर वर्षात ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली तर त्या मालकाच्या योजनेपुरता दंड माफ होतो. वाढदिवस नोव्हेंबरात आणि नोकरी जानेवारीत सोडली तरी चालते; आदल्या डिसेंबरात सोडली तर नाही. आणि ‘खाती एकत्र करू’ म्हणून ते पैसे आयआरएमध्ये वळवले की ही सूट गेली. त्याहून लवकर निवृत्त होणाऱ्याला समान हप्त्यांनी काढण्याचा मार्ग आहे. तो किमान ५ वर्षे किंवा ५९ वर्षे ६ महिने होईपर्यंत, यातले जे नंतर येईल तोवर पाळावा लागतो. मध्येच हप्ता बदलला तर मागचे सगळे दंड व्याजासह अंगावर येतात.

सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकी सरकारी पेन्शन) पत्रकातला आकडा पाहून हुरळून जाऊ नये. पेन्शन सुरू होईपर्यंत तुम्ही त्याच पगारावर काम करत राहाल असे गृहीत धरून तो काढलेला असतो. हिशेब सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवर होतो. २२ वर्षे नोकरी केलेल्याच्या खात्यात १३ शून्ये पडतात. भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने इथली नोकरीची वर्षे तिकडे जोडली जात नाहीत. दिलासा एवढाच की दोन्ही देशांतल्या करविषयक करारानुसार या रकमेवर फक्त अमेरिका कर घेते. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा, भारतात चालत नाही. ६५ व्या वर्षी त्याचा भाग ‘बी’ (डॉक्टरांच्या खर्चाचा) घेतला नाही आणि ७० व्या वर्षी मुलांकडे परत गेलात, तर हप्ता कायमचा ५० टक्क्यांनी जास्त: दर पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के. म्हणून भारतातला आरोग्यविमा परतण्याच्या तीन वर्षे आधीच घ्यावा. जुन्या आजारांसाठीचा जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ तिकडे असतानाच सरतो.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक मात्र बँकेच्या काउंटरवर होते. परतलेल्या माणसाला पहिला सल्ला एसआयपीचा मिळतो. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी नागरिकासाठी ‘पीएफआयसी’, म्हणजे कडक करनियम लागणारी परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतो. दर फंडामागे फॉर्म ८६२१, आणि वेळीच वेगळा पर्याय निवडला नाही तर नफ्यावर सर्वोच्च दराने कर व वर व्याज. थेट शेअर, मुदत ठेवी किंवा अमेरिकेतलेच इंडेक्स फंड बरे. एनआरई खात्याचे (अनिवासींचे रुपयांतले खाते) व्याज भारतात माफ असले तरी अमेरिकेत करपात्र असते, आणि कायमचे परतलात की फेमा या परकीय चलन कायद्याखाली ते खाते लगेच निवासी करून घ्यावे लागते; त्यासाठी १८२ दिवस थांबायचे नसते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर आरएफसी (निवासींचे परकीय चलन) खाते उघडावे. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरवर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेला देणारा फॉर्म, भरणे आले. उलट बाजूने, पूर्ण निवासी झाल्यावर भारतीय विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट. ते चुकले तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट मिळाली आहे.

किरकोळ वाटणारी एक गोष्ट: अमेरिकेतला मोबाइल क्रमांक बंद करू नका. तिकडच्या बँकांचे ओटीपी त्यावरच येतात, आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या क्रमांकावर काही बँका ते पाठवत नाहीत.

आणि पुन्हा नागरिकत्वाकडे येतो. तिकडे शपथ घेऊन १५ वर्षे झालेल्या अनेकांचे नाव गावच्या मतदारयादीत अजून आहे, घरचे लोक ओळखपत्र जपून ठेवतात, आणि परतल्यावर निवडणुकीच्या दिवशी कुणीतरी हौसेने मतदान करून येतो. ते कायद्यात बसत नाही. यादीतून नाव कमी करण्यासाठी फॉर्म ७ असतो. तो भरला नसेल तर येत्या सुट्टीत भरावा.

– एक सनदी लेखापाल, पुणे