फुलबाजाराबाहेरच्या टोपलीवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर वाचत बसणाऱ्यांतल्या नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमचा नातू शेजारी बसून दिवसभर त्यातच डोकं खुपसून असतो, तो वाचून दाखवेल. पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. आमच्या घराची मांडणी बघून येणारा प्रत्येक जण ‘कुठल्या डिझायनरकडून केलंत हो हे?’ म्हणून विचारतो. दादरच्या फुलबाजाराबाहेर निळ्या ताडपत्रीखाली सुपं-टोपल्या घेऊन बसणाऱ्या मावशींनी केलं, असं सांगितलं की हसतात. त्यांना वाटतं थट्टा करतेय. तेव्हा एकदाच काय ते जाहीर सांगून टाकते.

आधी रोवळीचं. सासूबाईंची ती तांदूळ धुवायची बांबूची रोवळी तुमच्यापुढे ठेवली तेव्हा तिचा काठ सुटला होता, एका अंगाच्या कामट्या मोडून आत वळल्या होत्या. शेजारचा पाट्या विकणारा म्हणाला, ‘टाका ती, नवी घ्या.’ तुम्ही मात्र ती उलटी केलीत, तळावरून अंगठा फिरवलात, मग नाकाशी नेऊन वास घेतलात. मी बघतच राहिले. ‘हिला किडा नाय लागलेला. माणसानं मोडलीय, किड्यानं नाय. जगंल.’ एवढं बोलून तुम्ही बादलीत भिजत पडलेल्या कामट्या बाहेर काढल्यात.

तुमचं काम इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. कोयत्याचं पातं कामटीत घालून तुम्ही मनगट जरासं फिरवत होता आणि एकीच्या दोन होत होत्या. पाठीची चकचकीत बाजू वेगळी, पोटाकडची पांढरट बाजू वेगळी. पांढरी तुम्ही बाजूला फेकलीत. मी विचारलं तर म्हणालात, ‘ती गोड असते, किडा तीच खातो.’ नंतर वाचलं, तर अगदी तसंच निघालं. बांबूच्या आतल्या भागात स्टार्च जास्त असतो आणि भुंगेऱ्याच्या अळ्या त्यावरच जगतात. बाहेरची साल कठीण, तिच्यात सिलिका असते, तिच्या वाटेला किडा सहसा जात नाही. टोपलीखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत पाहुणे आहेत.

काठ बांधून झाला तेव्हा नव्या कामट्या हिरवट-पिवळ्या आणि जुन्या काळपट तपकिरी, असं ठिगळ उठून दिसायला लागलं. चहाच्या पाण्यात बुडवून रंग मिळवता येईल का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘नवं हाय ते नवं दिसू दे की. लाज कसली?’ मला ते पटलं. आता ती रोवळी ओट्याशेजारी भिंतीला टांगलेली असते, आत कांदे आणि लसूण. हवा खेळते, कांद्याला कोंब फुटत नाहीत, आणि आलेल्या प्रत्येकाची नजर आधी त्या ठिगळावर जाते.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात ते गौरींच्या आदल्या आठवड्यात, जावेच्या ओवशाची, म्हणजे गौरीपुढे वाण द्यायची सुपं पोचवायला. आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावातल्या चाळीतून त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर आलो होतो. पुनर्विकासात खोल्या वाढल्या, पण पोटमाळा गेला. पोटमाळा नसलेलं घर म्हणजे काय, हे चाळीत राहिलेल्यालाच कळेल. सासूबाईंची तांब्याची घंगाळं, पराती, पीठ मळायची लाकडी काथवट, कोंबड्या झाकायचं डालगं, परड्या, मेथ्या वाटून कागदाच्या लगद्याने लिंपलेली सुपं, असं सगळं इतकी वर्षं डोक्यावर होतं, ते एकदम पायात आलं. डोक्यावर आता फॉल्स सीलिंग, त्यात दिवे.

घर सजवायला नेमलेल्या माणसाने त्यावर उपाय काढला होता: हॉलच्या लांब भिंतीला काचेचं कपाट, सगळं घासून लखलखीत करून वर लॅकर मारायचं, ओळीने मांडायचं आणि वरून प्रकाशझोत सोडायचा. टोपल्या मात्र ‘फार गावठी’ म्हणून नाकारल्या आणि त्यांच्या जागी परदेशी धाटणीच्या, मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या नव्या टोपल्या विकत घ्यायच्या. त्याचा आराखडा भिंतीला चिकटवलेला होता. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन तो पाहिलात आणि विचारलंत, ‘ह्याच्यात काय ठेवनार?’

‘काही नाही, नुसतं दिसायला,’ मी म्हटलं.

‘रिकामं?’

तेवढंच. मग तुम्ही जमिनीवर फतकल मारून एकेक वस्तू पुढ्यात ओढलीत आणि प्रत्येकीला तोच प्रश्न विचारलात. आमच्या घराची सगळी मांडणी त्या प्रश्नावर झालेली आहे. ज्या वस्तूला काम सापडलं ती बाहेर राहिली. जिला नाही, ती नात्यातल्या कुणाला तरी दिली. कपाट रद्द. वाचलेल्या पैशांत खिडक्यांना चांगल्या जाळ्या बसल्या.

काथवटीला दाराशी जागा मिळाली. किल्ल्या, चष्मे, दुधाच्या हिशेबाची वही असं सगळं तिच्यात पडतं. लाकूड सुकून चिरू नये म्हणून अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात देते. जवसाचं तेल हवेवर वाळून लाकडात बसतं, चिकट राहत नाही. डालगं उलटं टांगून त्यात दिवा सोडला. इथे एक सांगते, कारण पाहून गेलेल्या बऱ्याच जणी घरी तसं करायला निघाल्या आहेत: आत एलईडीच हवा, तोही कमी वॅटचा. जुना तारेचा बल्ब तापतो आणि सुकलेला बांबू पेटायला फार निमित्त लागत नाही. दिवा लागला की छतभर जाळीची सावली पडते आणि त्या फॉल्स सीलिंगचा पहिल्यांदा काही उपयोग झाला असं वाटतं.

घंगाळाचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. त्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, आजेसासूबाईंचं, पुढे १९५१ साल. लग्नात आलेलं असणार. चिंच-मीठ लावून मी ते आरशासारखं करायच्या बेतात होते. तुम्ही काठावर बोट ठेवून म्हणालात, ‘एवढंच घास. बाकीचं राहू दे.’ किती बरं झालं! पोटाचा रंग काळसर तांबूस राहिला आणि काठ तेवढा उजळ, त्यामुळे नाव दुरून वाचता येतं. तसंही दर वेळी घासलं की धातूचा बारीकसा थर जातोच, आणि हे ठिपके काही खोल नाहीत. आणखी काही वर्षं पितांबरीने जोर लावला असता तर नाव पुसट झालं असतं. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने कड्यांच्या सांध्यात हिरवा गंज धरतो, तेवढा मात्र लिंबाच्या फोडीने काढते आणि लगेच कोरडं करते.

त्यात पाणी भरून फुलं सोडायची हौस सगळ्यांनाच असते. मलाही आहे. पण हे मुंबई शहर आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर फिरून कुंड्यांखालच्या थाळ्यासुद्धा तपासतात. म्हणून सणापुरतंच पाणी. दुसऱ्या दिवशी ओतून, काठ आतून पुसून कोरडं. एरवी घंगाळात वर्तमानपत्रं आणि मुलीचं लोकरीचं विणकाम असतं.

एक गंमत सांगायची राहिली. तुमच्यामुळे मला नाद लागला आणि मी चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर जाऊ लागले. शुक्रवारी तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावरच वेगळा बाजार भरतो, हेही तेव्हाच कळलं. तिथे ‘शंभर वर्षांचं आहे’ हे वाक्य भाजीवर मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखं फुकट मिळतं. खरं तर कायद्याने शंभर ही मोठी रेघ आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती कुणालाही सहज देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं खरं असेल तर त्याने परदेशी गिऱ्हाइकाला इतकं आग्रहाने बोलवायला नको! मी तिथे तुमचीच रीत वापरते. वस्तू आधी उलटी करायची. खरोखर वापरलेल्या वाडग्याचा तळ एकसारखा झिजत नाही. जिथे टेकतो तिथेच झिजतो. ठोक्याचे घाव लहानमोठे असतात. आणि मुद्दाम चढवलेला काळेपणा खोबणीत आणि उंचवट्यावर सारखाच दिसतो, हे एकदा डोळ्यांत भरलं की पुन्हा फसायला होत नाही.

अशाच एका फेरीत काशाचा एक पसरट वाडगा मिळाला. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर आवाज कितीतरी वेळ रेंगाळतो. तांबं साधारण अठ्ठ्याहत्तर भाग आणि कथील बावीस, असं ते मिश्रण. पितळ एवढं गात नाही. त्यात आम्ही बडीशेप ठेवतो. घरातला लहान मुलगा रोज टिचकी मारून मगच बडीशेप घेतो.

पावसाळा ही टोपल्यांची खरी परीक्षा, हे तुम्ही म्हणाला होता. जुलैत चौदाव्या मजल्यावर ढग खिडकीतून आत येतात म्हटलं तरी चालेल. परड्यांवर पांढरी बुरशी धरली तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओलं फडकं अजिबात लावलं नाही. कोरड्या ब्रशने झटकून, ऊन पडेल त्या दिवशी गॅलरीत. भिंतीला टेकवून ठेवणं बंद केलं, मागे हवेला फट ठेवली. एका करंडीखाली भुसा दिसला, तेव्हा मी वस्तुसंग्रहालयांतली युक्ती केली. करंडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये. उणे अठरा-वीस अंशांत आठवडाभराहून जास्त राहिली की आतल्या अळ्या मरतात. तेवढे दिवस आईस्क्रीमला जागा नव्हती आणि घरात माझ्याविरुद्ध उघड बंड झालं. भुसा पुन्हा पडला नाही. तुमच्याकडच्या जुन्या मालासाठी हे उपयोगाचं नाही, एवढा फ्रीजर आणायचा कुठून. पण सांगून ठेवते.

पैशांचंही बोलायचं आहे. रोवळीच्या दुरुस्तीला तुम्ही जे घेतलंत ते नव्या रोवळीच्या निम्म्याहून कमी होतं आणि वेळ मात्र नवी विणण्यापेक्षा जास्त लागला. हे बरोबर नाही, मावशी. बांबू महाग झालाय म्हणून तुम्हीच कुरकुरत होता. १९२७च्या वन कायद्यात बांबू झाडात मोडायचा, तोडायला आणि वाहून न्यायला परवाने लागायचे. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला, हे मी मोठ्या उत्साहाने तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘मग आमाला का नाय सुटला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण दुरुस्तीचा दर तरी तुमच्या हातात आहे. तो वाढवा. जुनी टोपली घेऊन येणाऱ्याला ती टाकायची नसते, तो देईल.

या वर्षी ओवशाची पाच सुपं लागतील, दोन्ही जावा आणि आतेसासूबाईंच्या सुना धरून. लिंपायची नकोत, मी मेथ्या भिजत घालणार आहे. मागे तुम्ही म्हणाला होता की तुमच्या सासूची रीत वेगळी होती, लगदा दोनदा वाटायची. ती नीट सांगायला थोडा वेळ काढून या. चहा तुमच्या आवडीचा, आलं जास्त घालून. आणि डालग्याची एक कड उसवायला लागली आहे, तीही तेव्हाच बघा.

त्या दिवशी तुम्ही अर्धा दिवस बाजार सोडून आमच्या फरशीवर बसलात, गौरीच्या ऐन हंगामात. तेव्हा घाईत नुसतं ‘बरं झालं आलात’ म्हटलं गेलं. आज नीट म्हणते: मनापासून आभार.

तुमची,
गिरगावची रोवळीवाली

ता. क. आमच्या मजल्यावरच्या दोघी या आठवड्यात तुमच्याकडे येतील. टोपल्या बघतील, खूप कौतुक करतील आणि मग निम्म्या भावात मागतील. दोघींच्याही गाड्या खाली उभ्या असतात. एक रुपया सोडू नका.