सारंगीवादक ताईंना, तारांच्या दालनातून

आदरणीय ताई,

तुमचे आभार फोनवर मानले होते, पण तेवढ्यावर मन भरलं नाही. तुम्ही जे केलंत ते माझ्यासारख्या इतर कलाकारांनाही कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

दहा-दहा मीटरच्या बारा पोलादी तारा ताणून, त्यांच्या टोकांना लाकडी पेट्या बसवून मी वादकांना पत्रं धाडली होती: "या, हवं ते वाजवा." सगळ्यांनी नम्रपणे नकार कळवला. तुम्ही मात्र उलट विचारलंत, "सूर कोणते लागतात? सरावाला वेळ किती? तार तुटली तर भरपाई कोणाकडे?" 'हवं ते वाजवा' हे मला मोकळेपण वाटत होतं. अनोळखी वाद्य घेऊन लोकांसमोर बसणाऱ्याला त्याचं केवढं दडपण येतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आणि मग तुम्ही दोन दिवस आधीच आलात! मी सूर जुळवायला खुंट्या पिळत बसलो होतो. तुम्ही बोटांना राळ लावलीत आणि तार चिमटीत धरून तिच्या कडेने चालत गेलात. सारं दालन घुमलं. तार छेडली तर ताणाने सूर चढतो; पण लांबीच्या दिशेने घासली की सूर ठरतो तो लांबीवर आणि धातूवर, ताणाने फारसा फरक पडत नाही. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर धावतो, म्हणून दहा मीटरची तार २५० हर्ट्झच्या आसपास बोलते. मध्यावर क्लॅम्प आवळला की वरच्या सप्तकातला तोच सूर. अमेरिकन संगीतकार एलन फुलमन १९८०च्या दशकापासून अशा लांब तारांवर वादन करत आल्या आहेत, हे मी वाचलं होतं. हाताला कळलं ते तुमच्यामुळे. त्या रात्री आपण क्लॅम्प सरकवत बाराही तारा लावल्या.

वादकांना धाडायचं निमंत्रणाचं पत्रही तुम्हीच नव्याने लिहून घेतलंत: सुरांची यादी, दोन दिवस एकट्याने सराव, मानधनाचा आकडा, तुटफुटीची जबाबदारी माझी. त्यानंतर तिघांनी होकार दिला.

तुमचं वादन संपल्यावर एक लहान मुलगी तारेला कान लावून कितीतरी वेळ उभी होती. तुम्ही तिच्या बोटांना राळ लावून दिलीत. ते मी विसरणार नाही.

पुढच्या महिन्यात दोन नवे वादक येत आहेत. तुमची राळेची डबी पहिल्या तारेपाशीच ठेवली आहे.

तुमचा ऋणी,
तारा ताणणारा