बदक बंदुकीने संपले?

महोदय,

न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या ऑकलंड बेटांवरच्या मर्गान्सर बदकाचा विषय निघाला की ९ जानेवारी १९०२ ही तारीख हमखास पुढे येते. न्यूझीलंडचे गव्हर्नर लॉर्ड रॅन्फर्ली यांच्यासाठी त्या दिवशी एक जोडी टिपली गेली आणि त्यानंतर दातेरी चोचीचे ते बदक कोणालाच दिसले नाही. संग्रहालयांची हाव होतीच. पण सगळे खापर बंदुकीवर फोडले की उपाय चुकतो.

कॅप्टन ब्रिस्टो यांनी १८०७ मध्ये तिथे डुकरे सोडली, जहाज फुटून आलेल्यांना खायला मिळावे म्हणून. मग मांजरे आली, घरात दिसतो तो छोटा उंदीरही आला. उडण्यात कच्च्या बदकाला डुकरे आणि मांजरे भारी पडली.

शेजारच्या कॅम्पबेल बेटावर हाच हिशेब उलटा फिरवून दाखवला गेला. तिथले न उडणारे टील बदक नॉर्वे जातीच्या मोठ्या उंदरांमुळे मुख्य बेटावरून गेले होते. १९७५ मध्ये ते डेंट या अवघ्या २३ हेक्टरच्या खडकाळ बेटावर सापडले. २००१ च्या हिवाळ्यात ११,३०० हेक्टरांवर हेलिकॉप्टरमधून १२० टन विषारी आमिष टाकले, म्हणजे हेक्टरी साधारण साडेदहा किलो. हिवाळाच का, तर तेव्हा उंदरांना खायला कमी असते, वीण थंडावलेली असते आणि बरेच समुद्रपक्षी बेटावर नसतात. आमिषाचे पट्टे एकमेकांवर चढवत टाकतात. मध्ये चिंचोळी फट राहिली आणि तिथली एक गाभण मादी वाचली, तर सारा खर्च पाण्यात. कड्यांवर तर दुसरी फेरी लागतेच, कारण उभ्या उताराचे खरे क्षेत्रफळ नकाशावर दिसते त्याहून बरेच जास्त भरते. बेट उंदीरमुक्त झाल्याची खात्री पटल्यावरच, २००४ मध्ये, पिंजऱ्यात वाढवलेली टील बदके परत सोडली.

ऑकलंडच्या मुख्य बेटावर हे इतके सरळ नाही. ते सुमारे ४६,००० हेक्टरांचे, कॅम्पबेलच्या चौपट. शिवाय क्रम पाळावा लागतो. आधी डुकरे संपवायची, नाहीतर आमिष तीच फस्त करतील. मग उंदरांसाठी विष. विष खाल्लेले उंदीर खाऊन काही मांजरे आपोआप मरतात, उरलेली एकेक करून शोधायची. मांजरे आधी काढली, तर ही फुकटची मदत हातची जाते.

मर्गान्सर आता येणार नाही. त्याच द्वीपसमूहातले ऑकलंड टील मात्र आजही जिवंत आहे, तेही न उडणारेच. ॲडम्स आणि एन्डर्बी या बेटांवर ते चरताना दिसते. तिथे डुकरे नाहीत, मांजरेही नाहीत. ॲडम्ससमोरच्या कार्नली खाडीपलीकडे, मुख्य बेटावर, त्याची वस्ती नाही.

आपला,
एक पक्षीप्रेमी वाचक