चुकलेल्या चिन्हाच्या पुढच्या सात ओळी

आदरणीय सर,

गेल्या आठवड्यात एळिमलाच्या नौदल अकादमीत माझं बी.टेक.चं शेवटचं वर्ष संपलं. खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, तीन वर्षं आणि इथं एक. खोली आवरताना सामानाच्या तळाशी तो कागद सापडला. चौथ्या टर्ममध्ये तुम्ही कंट्रोल सिस्टिम्सची चाचणी घेतली होती, तो पेपर. घडीवर फाटायला आलाय. तो हातात घेऊन बराच वेळ नुसता बसलो आणि मग ठरवलं की आता लिहायचंच. तुमचं नाव इथं घालत नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेल.

त्या दिवसांत मी कसा होतो ते तुम्ही पाहिलंय. कॅम्प रोव्हर्स या मैदानी प्रशिक्षण शिबिराहून परत येऊन दोनच दिवस झाले होते. पायांना फोड, डोळ्यांवर झोप. पहाटेची पीटी, ड्रिल, मग सायकलींची रांग धरून वर्गात. पंखा सुरू झाला की मान आपोआप खाली जायची, म्हणून आम्ही पाचसहा जण मागं भिंतीला टेकून उभे राहायचो. त्या टर्मला मी दोन विषयांत काठावर होतो. नापास झालो असतो तर रेलिगेशन, म्हणजे सगळे कोर्समेट पुढं आणि मी सहा महिने मागं. घरी फोनवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

गणित साधं होतं. जहाजाचं तोंड ठरलेल्या दिशेवर धरून ठेवायचं, त्यासाठी सुकाणू किती वळवायचं हे ठरवणारी यंत्रणा. फीडबॅक, म्हणजे जहाज प्रत्यक्षात कुठं वळलंय याची परत येणारी माहिती, जिथं वजा व्हायचा तिथं मी अधिकचं चिन्ह टाकलं. त्यामुळं समीकरणाच्या शेवटी अधिक ८ च्या जागी उणे ८ आलं, मुळं आली उणे ४ आणि अधिक २. एक जरी मूळ अधिक आलं की यंत्रणा भरकटत जाते, म्हणून मी खाली लिहिलं, ‘यंत्रणा अस्थिर.’ खरं उत्तर ‘स्थिर’ होतं.

अशा पेपरचं काय होतं ते मला ठाऊक होतं. अकरावी-बारावीला घरच्यांनी उसने पैसे काढून मला शहरातल्या एका क्लासला घातलं होतं. तिथले सर शेवटची ओळ बघायचे. उत्तर जुळलं नाही की सगळ्या पानावर तिरकी रेघ. मराठी माध्यमातली मुलं मागच्या बाकांवर. एकदा धीर करून विचारलं, सर, माझं नेमकं कुठं चुकलं? ते म्हणाले, ‘तुला समजावण्यात वेळ घालवला तर पुढच्यांचं नुकसान होईल.’ एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण असतात आणि चुकलेल्या उत्तरामागं त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. ते परीक्षेपुरतं ठीक आहे. पण त्या क्लासनं माझ्या मनातही तोच नियम बसवला होता. चुकलास, म्हणजे होतं तेवढंही गेलं. मी प्रश्न विचारणंच सोडलं होतं.

तुम्ही दिलेल्या कागदावर तिरकी रेघ नव्हती. चुकलेल्या चिन्हाभोवती शिसपेन्सिलीनं एक बारीक गोल होता. आणि त्या गोलाच्या पुढं, माझ्या सातही ओळींसमोर, तुम्ही तेच चुकीचं चिन्ह धरून सगळं गणित पुन्हा सोडवलं होतं. माझ्या चुकीतून जी यंत्रणा तयार झाली होती, ती तुम्ही शेवटपर्यंत तपासली होती. खाली लिहिलं होतं, ‘तू काढलेली यंत्रणा खरोखरच अस्थिर आहे. तिच्यासाठी तुझं उत्तर बरोबर आहे. आता चिन्ह बदल आणि पुन्हा ये.’ एरवी सगळा कारभार इंग्रजीत, आणि ही तीन वाक्यं मराठीत.

सर, मी तो कागद घेऊन बाहेर आलो आणि सायकल स्टँडपाशी उभा राहून रडलो. पहिल्या टर्मच्या रगड्यातही रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा तुम्ही खडकवासला धरणाच्या पाण्यातल्या आमच्या होड्यांच्या सरावाबद्दल विचारलंत, ‘पीकॉक बेला पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसलास तेव्हा काय झालं होतं?’ मी सांगितलं. डावीकडं वळायचं म्हणून सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला, होडी उजवीकडं गेली, म्हणून आणखी जोरात डावीकडं ढकलला. तुम्ही म्हणालात, ‘हेच ते अधिकचं चिन्ह. चूक कमी करायला गेलास आणि वाढवत बसलास.’ पुढं डिले, सॅम्पलिंग, कितीतरी शिकलो. पण फीडबॅक म्हणजे काय हे मला त्या वाक्यात कळलं, धरणाच्या पाण्यासकट.

सात ओळी तपासायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील, आणि तुमच्या टेबलावर गठ्ठा होता. तुम्हाला कोणी विचारलं नसतं. अशी माणसं बघितली की वाटतं, जग चालतं ते यांच्यामुळं. आमच्या वाड्यावस्तीवर रात्री मोटारीची फ्यूज उडाली की शेजारच्या रानातून बॅटरी घेऊन येणारे एक आप्पा होते, तेही याच जातकुळीचे. एनडीएची मुख्य इमारत असलेल्या ज्या सुदान ब्लॉकच्या घुमटासमोरून आम्ही रोज जायचो, त्यालाही सुदाननं दिलेले पैसे लागलेत. दुसऱ्या महायुद्धात त्या देशासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांबद्दलची ती कृतज्ञता. त्यांनी घुमट उभारला. माझ्याकडं हे पत्र आहे.

मी त्या टर्मला पास झालो, पुढच्याही. ते तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसेल ते सांगतो. सुट्टीत कागद आईला दाखवला. तिला त्यातलं समीकरण कळायचं कारण नाही. तिनं पेन्सिलीच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘एवढी पोरं असताना त्यांना याला वेळ कुठून मिळाला रे?’ मला उत्तर देता आलं नाही.

ते तिला तुम्हीच सांगा. दिवाळीत मी गावी असेन, माण तालुक्यात. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं करीन म्हणाली आहे. तुम्हाला न्यायला मी स्वतः खडकवासल्याला येईन.

तुमचा विद्यार्थी,
मागच्या भिंतीला टेकून उभा राहणारा