सूचना : शनिवार-रविवारच्या सामन्यांच्या वेळा

परभणीकर फुटबॉल मंडळी, नमस्कार.

हा ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार. रविवारी पहाटे तिकडची उन्हाळी वेळ संपून इंग्लंडची घड्याळं एक तास मागं जाणार, आपली नाही. त्यामुळं प्रीमियर लीगचे, म्हणजे तिथल्या मुख्य फुटबॉल स्पर्धेचे, शनिवारचे सामने नेहमीसारखे साडेसातला, पण रविवारी तिथल्या दुपारी दोनचा सामना आपल्याकडं साडेसहाऐवजी साडेसातला आणि साडेचारचा थेट रात्री दहाला. स्पेनचंही तेच. आपल्याकडं रात्री साडेबाराला लागणारा सामना आता दीडला सुरू होईल, तो ज्यानं त्यानं घरीच बघावा. सोमवारी कामं आहेत.

गंमत बघा, शनिवारचे साडेसातचे सामने खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दाखवत नाहीत, मैदानं ओस पडू नयेत म्हणून. आपण मात्र जिंतूर रोडवर चिवडा खात बघणार!

बसायचं नेहमीच्या खोलीवरच. कापूस वेचणीमुळं उशीर होणाऱ्यांनी कळवा, जागा धरून ठेवू. लाईट गेली तर मोबाईलवर बघू, तेव्हा चार्ज करून आणा. आणि सामना उशिरा बघणाऱ्यांसाठी ग्रुपवर स्कोअर टाकू नका. मागच्या वेळी कुणी टाकला ते सगळ्यांना ठाऊक आहे, नाव घेत नाही.