दात घासताना नळ बंद ठेवतो, पण नाल्याचं काय?

संपादक महोदय,
स. न.

काल तुमच्या पुरवणीत पाणी वाचवायचे उपाय वाचले. दात घासताना नळ बंद ठेवा, गाडी पाइपनं धुऊ नका वगैरे. उत्तम. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, उद्योगांनीही पाणी जबाबदारीनं वापरावं. झालं, संपलं!

चंद्रपुरात राहून हे वाचायचं म्हणजे डोकंच फिरतं. केंद्र सरकारच्या डिसेंबर 2015 च्या नियमात कूलिंग टॉवरवाल्या जुन्या औष्णिक केंद्रांना विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे, म्हणजे 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं तासभर चालला की साडेसतरा लाख लिटर, तेही नियमात बसून, आणि आमचं वीज केंद्र आहे 2920 मेगावॅटचं. माझ्या दात घासण्यातून किती वाचलं ते तुमच्या लेखकानंच काढून द्यावं. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी नाही म्हणून इथले संच बंद ठेवावे लागले होते, हे तरी लिहायचं. वीज लागते हो, मान्य आहे, मी काही कूलर बंद करून हे लिहीत नाहीये.

पण माझा खरा राग पाण्याच्या प्रदूषणावर आहे. आमच्या शेताला लागून नाला आहे, वरच्या बाजूला एक कंपनी. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर नाल्याला रात्रीतून राखाडी, फेसाळ पाणी आलं. शेजारचा शेतकरी म्हणाला, "काकाजी, बैल तोंड लावून नाही राह्यले." मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली, फोटो पाठवले. साहेब आले कधी, तर दोन दणकून पाऊस पडून नाला धुऊन गेल्यावर! बाटलीत स्वच्छ पाणी भरलं, पंचनाम्यावर माझी सही घेतली आणि वर मलाच म्हणतात, कंपनीचा सांडपाणी तपासणारा ऑनलाइन मीटर तर ओके दाखवतोय. अहो मीटर कंपनीच्या पाइपाला, पाणी आलं भलतीकडून, मग मीटर ओकेच दाखवणार ना? जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना हे मीटर सीपीसीबीनं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं, 2014 मध्ये लावायला सांगितले, चांगलंच केलं, पण म्हणून माणसानं नाल्याकडे बघायचंच नाही असं कुठं लिहिलंय?

हे त्याच जिल्ह्यात, जिथल्या औद्योगिक पट्ट्याचा सीपीसीबीच्या 2009 च्या प्रदूषण यादीत 83.88 गुण घेऊन देशात चौथा नंबर आला होता. बोर्डात नंबर आल्यासारखा!

नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. 2016 च्या वीजदर धोरणात तर साफ लिहिलंय, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरायचं. आपल्या जिल्ह्यात कोण धरणाचं किती उचलतं, शुद्ध केलेलं किती वापरतं आणि नाल्यात किती सोडतं, याचा तक्ता दर महिन्याला छापा की. सोन्याचे भाव रोज छापता तसा.

आणि हो, त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर एका कंपनीची पानभर जाहिरात होती, हिरवीगार झाडं, निळंशार पाणी. फोटो कुठला आहे तेवढं कळवा, आमच्याकडचा तर नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, चंद्रपूर

ता. क. मागचं पत्र निम्मं कापून छापलं होतं. या वेळी कापायचंच असेल तर दात घासण्याचं कापा, नाल्याचं ठेवा.