सोमवारी तीन ते पाच

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : फाईल बघायला मिळण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी सगळी व्हाउचर्स पुन्हा काढायची. निवृत्त झाले तरी ही खोड काही गेली नाही. आपल्याकडे तक्रारींची पत्रं रोज येत असतील. माझं पत्रही त्यातलंच, पण कुणावर कारवाई करा असं मी म्हणत नाहीये. कोणत्या कार्यालयात गेले तेही लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही.

आमच्या सोसायटीसमोर नवे पेव्हर ब्लॉक बसले. पहिले काही महिने फुटपाथ असा छान की संध्याकाळी बायका मुद्दाम तिथून चालायच्या. मग मधोमध हातभर रुंदीचा पट्टा खचला. पाऊस पडला की त्यात पाणी, आणि पाण्याखाली खड्डा किती आहे ते पाय टाकल्यावरच कळायचं. मी टाकला. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये होतं.

ठेकेदारानं पैसे खाल्ले यावर आमच्या इमारतीत एकमत होतं. (पाण्याच्या टाकीच्या खर्चावर अजून झालेलं नाही, पण यावर लगेच झालं.) शेजारचे काका वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. ते म्हणाले, "खाली खडीच घातलेली नाही, मी लिहून देतो." आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. दहा रुपयांचा स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत, उत्तराला तीस दिवस. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची मुलगी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती म्हणाली, "काकू, सोमवारी जाऊन फाईलच बघून या की."

मला हे माहीतच नव्हतं. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला, की दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघू द्याव्यात. त्याच्या आधी पुण्याच्या महापालिकेत असा सोमवार सुरू झालेला होताच. म्हणजे हक्क होता, घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर होता, आणि इतकी वर्षं मी सोमवारी दुपारी झोपा काढत होते.

पहिल्या सोमवारी साहेब साइटवर होते. दुसऱ्या सोमवारीही साइटवरच होते. तिसऱ्या सोमवारी आम्ही शासन निर्णयाची प्रत काढून नेली. टेबलावरच्या कारकुनानं ती शांतपणे वाचली, उलटून मागची कोरी बाजूही बघितली, आणि म्हणाला, "हे आमच्याकडे आलेलं नाही. पण बसा." त्या "पण बसा"बद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

फाईल आली. कनिष्ठ अभियंता समोर येऊन बसला, वयानं माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यानं मोजमाप पुस्तिका उघडली. लांबी, रुंदी, जाडी असे रकाने, प्रत्येक ओळीपुढे सही. मला एकदम बरं वाटलं. हे तर आमच्या लेजरसारखंच होतं! काकांनी चष्मा बदलला आणि प्रत्येक आकडा कोऱ्या कागदावर उतरवून घेतला. मंगळवारी सकाळी सात वाजता ते मोजपट्टी घेऊन फुटपाथवर. मी एक टोक धरलं. दूधवाला थांबून बघत होता. लांबी वीतभराच्या फरकानं जुळली. फाईलमध्ये खडीच्या थराचे फोटो होते, प्रयोगशाळेचा अहवाल होता. ब्लॉक चांगले होते.

काकांचा चेहरा पडला, हे मी मान्य करते. माझाही पडला असावा.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा गेलो, आता खरं म्हणजे नुसत्या चिकाटीनं. गप्पांमध्ये त्या अभियंत्याला आठवलं, की मधे केबल टाकायला कुणीतरी परवानगी घेतली होती. ती फाईल दुसऱ्या टेबलावर. ती मागवली. ब्लॉक बसल्यावर केबलवाल्यांनी मधोमध चर खोदला होता, आणि तो पूर्ववत करायचे पैसे त्यांनी आगाऊ भरलेही होते. पावती लावलेली होती. चर बुजवून ब्लॉक पुन्हा बसवायचा कार्यादेश मात्र निघालाच नव्हता. पैसे एका टेबलावर जमा, काम दुसऱ्या टेबलाचं, आणि दोन्हींच्या मध्ये माझं मनगट. अभियंता म्हणाला, "मॅडम, या दोन फायली शेजारी ठेवून मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघतोय."

महोदय, मला आपल्याला हेच सांगायचं आहे. आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला असता तर पेव्हर ब्लॉकच्या कामाचे कागद मागितले असते, तेवढेच मिळाले असते, ते नियमाप्रमाणे असते, आणि "सगळे एकमेकांना सामील आहेत" असं म्हणत आम्ही घरी बसलो असतो. माहिती अधिकाराला मी कमी लेखत नाही. 2005 चा हा कायदा कामाची पाहणी करू देतो, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागू देतो. काकांना हे कळल्यापासून ते फुटपाथाचा तुकडा मागायच्या गोष्टी करतात. पण अर्जात नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि नेमका प्रश्न कोणता ते फाईल चाळल्याशिवाय माझ्यासारखीला कळत नाही. शिवाय आम्ही ज्याला महिनोन्महिने शिव्या घातल्या त्या ठेकेदाराचा दोष नव्हता, हे तिथे बसलो म्हणूनच कळलं. चोख काम करणाऱ्या अभियंत्याला या सोमवारांचा आमच्याइतकाच उपयोग आहे, हे आपल्या अधिकाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे जीव गेला तर वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि ते पैसे जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करायलाही सांगितलं. उत्तम झालं. आता जबाबदार कोण हे ठरवायला त्या दोन फायली शेजारी ठेवाव्या लागणार. माणूस गेल्यावर ठेवण्यापेक्षा सोमवारी ठेवलेल्या काय वाईट?

आपण स्वतः 1997 साली ठाण्यात नगरसेवक म्हणून निवडून आला होतात, तेव्हा दारात येणारी माणसं काय विचारतात हे मी सांगायला नको. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं ठाण्यात असं दारच नव्हतं, प्रशासक होते. नवी मुंबईकरांनी तर मे 2020 पासून वाट बघितली. आता जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली, ठाण्यात 131 नगरसेवक आले, आणि जवळजवळ प्रत्येक प्रभागात चार-चार आहेत. चार दारं झाली खरी. पण एकाकडे गेलं की "ते काम त्यांच्याकडे आहे" असं ऐकायला मिळतं, आणि चौथ्या दारापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यानं काय सांगितलं ते आपण विसरलेलो असतो.

माझं माहेर मुरबाडकडचं. माझा भाऊ सातवी शिकलेला. तो ग्रामसभेत उभा राहून नळपाणी योजनेची मोटर कितीला आणली ते विचारतो, ग्रामसेवकाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्तात लिहिलं जातं. मी पदवीधर, मालमत्ता कर वेळेवर भरणारी, आणि मला शहरात अशी उभं राहायला जागा नाही. खरं तर कायद्यात आहे. 2009 साली दुरुस्ती करून राज्यानं शहरांसाठी क्षेत्रसभा आणली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, आणि नगरसेवकानं तिथल्या मतदारांना बोलवायचं. माझ्या भागात अशी सभा भरल्याचं मला आठवत नाही, शेजाऱ्यांनाही नाही. चार नगरसेवकांच्या प्रभागात ती नेमकी कुणी बोलवायची, हे तेवढं आपल्या खात्यानं स्पष्ट लिहून द्यावं, आणि क्षेत्रं ठरवायला तारीख घालून द्यावी. नाहीतर तिथेही "ते काम त्यांच्याकडे आहे" होईल.

सोमवारचं म्हणाल तर माझ्या मागण्या कमी खर्चाच्या आहेत. प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर पाटी लावा : सोमवार, तीन ते पाच, फायली बघायला मिळतील. आत एक वही ठेवा, कोण आलं, काय मागितलं, मिळालं की नाही. दर महिन्याला ती वही वरच्या साहेबांनी बघून सही करावी. बँकेत आमच्या लॉकरच्या वहीवरसुद्धा मॅनेजरची सही लागायची. आणि एखादं काम झालं की त्या जागेवर नंतर कुणी खोदायची परवानगी घेतली, ते मूळ कामाच्या फाईलच्या पहिल्याच पानावर नोंदवायचा आदेश काढा. एका ओळीची नोंद आहे, संगणक नसला तरी चालेल.

येत्या सोमवारी आम्ही आमच्या मागच्या नाल्याच्या सफाईची फाईल मागणार आहोत. किती गाळ काढला, कोणत्या गाडीतून गेला, वजन कुठल्या काट्यावर झालं. या वेळी आम्ही पाच जण आहोत. अभियंत्याला तसा फोनही केला आहे. तो म्हणाला, "या, पण साडेतीनला या, तीनला साइटवर असेन."

आपली नम्र,
एक ठाणेकर

ता. क. : चर बुजला. ब्लॉक न बसवता वरून सिमेंट ओतून सपाट केलाय, त्यामुळे फुटपाथ ठिगळ लावल्यासारखा दिसतो. बिल ब्लॉकचं निघालं की सिमेंटचं, ते त्याच दिवशी विचारणार आहे.